पितळी बिल्ला

आमच्या देवघराच्या फडताळात, जुन्या पंचांगांच्या आणि नृसिंहवाडीहून आणलेल्या अंगाऱ्याच्या पुड्यांच्या शेजारी, रुपयाएवढा एक पितळी बिल्ला कित्येक वर्षे पडून आहे. त्याला वरच्या बाजूला भोक आहे, मधोमध आकडा कोरलेला आहे आणि कडेची इंग्रजी अक्षरे झिजून पुसट झाली आहेत. घरात नव्याने आलेल्या सुनांना तो एखाद्या देवस्थानाचा प्रसाद वाटतो. प्रत्यक्षात तो कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला आहे.

माझे आजोबा बेळगावच्या कॅम्पात राहत असत. छावणीची शिस्त माणसांना होती तशी कुत्र्यांनाही होती. १९२४ च्या छावणी कायद्याने कुत्र्यांची नोंदणी सक्तीची करण्याचा, त्यांच्या पट्ट्याला धातूचा बिल्ला लावायला लावण्याचा आणि बिनबिल्ल्याचा कुत्रा सापडल्यास त्याला मारून टाकण्याचाही अधिकार छावणीच्या कारभाऱ्यांना दिला होता. लगतचे शहापूर तेव्हा सांगली संस्थानात मोडे. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ती हद्द कायम होती. आजोबा गमतीने म्हणत, "आमचा कुत्रा शहापुरात गेला की परराज्यात जातो. इंग्रजांचा बिल्ला पटवर्धनांच्या मुलखात चालत नाही. म्हणून साखळी आपल्या हातात असलेली बरी."

हे वाक्य मी लहानपणी अनेकदा ऐकले. त्याचा अर्थ कळायला मात्र सत्तरी उलटावी लागली.

मला आठवतो तो आजोबांचा शेवटचा कुत्रा, राजा. मुधोळहून एका स्नेह्याने तो पिल्लू असताना आणून दिला होता. मुधोळ आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी या सडसडीत, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची निपज जोपासली. मालोजीराजांनी त्यातली एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली, असे सांगतात. याच जातीला पुढे, २००५ साली, भारताच्या टपाल तिकिटावर मान मिळाला आणि अलीकडे सैन्यानेही ती स्वीकारली. राजा मात्र आपल्या थोरवीविषयी अनभिज्ञ होता. अंगणात पारिजातकाखाली पडून राही आणि कुणी फाटकाला हात लावला की एका झेपेत तिथे पोहोचे.

१९६१ च्या पावसाळ्यात राजा दूध घालायला येणाऱ्या गवळ्याच्या मुलाला पोटरीला चावला. मुलगा माझ्याच वयाचा, आठ-नऊ वर्षांचा होता. फाटक उघडे कुणी ठेवले, यावर घरात बरीच चर्चा झाली. आत्याचे म्हणणे, पोराने खडा मारला असेल. आजोबांनी तिला एका शब्दाने गप्प केले. त्या काळी कुत्रा चावला म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने, रोज एक. आजोबांनी चौदाही दिवस टांगा सांगितला, गवळ्याच्या घरी जाऊन त्या मुलाला बरोबर घेतले, सरकारी दवाखान्यात नेले आणि परत पोहोचवले. मलाही ते रोज सोबत नेत. मला का, असे मी विचारले नाही. त्या मुलाच्या पोटावरची गाठ न् गाठ मी पाहिली, त्याचे दात आवळून धरणेही पाहिले. चौदाव्या दिवशी आजोबांनी त्याला पेढे दिले आणि त्याच्या बापापुढे हात जोडले. राजाच्या गळ्यातला बिल्ला मला दाखवून ते एवढेच म्हणाले, "यावर नंबर आहे तो कुत्र्याचा नाही, माझा आहे."

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

२०१८ साली आमच्या चिरंजीवांनी रॉटवायलर जातीचे एक पिल्लू घरी आणले. काळेभोर, भुवयांच्या जागी बदामी ठिपके. सिंबा असे त्याचे नाव ठेवले. ही जात मूळची जर्मनीतील रॉटवाइल गावची. तिथले खाटीक गुरे हाकायला आणि गाडी ओढायला हे कुत्रे बाळगत, असे मला चिरंजीवांनीच सांगितले. पुढे दोन वर्षांत चिरंजीव नोकरीनिमित्त परदेशी गेले. टिळकवाडीच्या घरात मी, सौभाग्यवती आणि जवळजवळ पन्नास किलो वजनाचा सिंबा असे तिघे उरलो. सिंबाने आमच्यावर अतोनात माया केली. पण त्याने साखळी ओढली की मी त्याच्यामागून फरफटत जाई, हेही खरे. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला त्याला फिरवताना लोक रस्ता बदलत. त्याचा मला, लाज वाटते सांगायला, थोडा अभिमानही वाटे.

२०२२ च्या जून महिन्यात पार्सल घेऊन आलेल्या एका तरुणाला सिंबाने दंडाला धरले. फाटकाची कडी मी लावली नव्हती. सकाळी फुले काढून परत येताना एका हातात परडी होती. दुसऱ्या हाताने फाटक नुसते लोटले होते. हे मला त्याच क्षणी आठवले. तरीही जमलेल्या शेजाऱ्यांसमोर माझ्या तोंडून निघाले ते हे : "आमचा सिंबा असा नाही हो. याने हात आत घालून काहीतरी केले असेल." साठ वर्षांपूर्वी आत्या बोलली होती, तेच वाक्य. फक्त मला गप्प करायला आजोबा नव्हते.

त्या तरुणाला टाके पडले. आता पोटात सुया घेण्याचे दिवस राहिले नाहीत. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दंडात इंजेक्शन. जखम खोल असल्यामुळे तिच्याभोवतीही औषध टोचावे लागले. मी आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलाकरवी पैशाचे पाकीट पाठवून दिले. पाचांपैकी एकाही दिवशी मी गेलो नाही. पैसे पोहोचल्याचा निरोप आला, तेव्हा प्रकरण मिटले असे मी स्वतःला सांगितले.

ते पुन्हा उघडले दोन वर्षांनी, आणि तेही दिल्लीहून. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना पत्र पाठवले. तेवीस जातींचे कुत्रे आणि त्यांचे संकर मानवी जीवितास घातक आहेत, त्यांच्या विक्रीला, पैदाशीला व पाळण्याला परवाना देऊ नये, आणि जे आधीच घरोघरी आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्याचा आशय होता. पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ, केन कोर्सो अशी नावे त्या यादीत होती. 'टेरियर' असा एक मोघम शब्द होता, ज्यात मांडीवर मावणारे कुत्रेही बसतात. जपानच्या तोसा या जातीचे नाव दोनदा आले होते. घाईने केलेल्या कामाच्या अशा खुणा राहतातच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारचे दोघे-तिघे वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. "काका, आता सरकारच म्हणते आहे," ते म्हणाले. मी मान डोलावली. आणि त्या वेळी मला जे वाटले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. मला भय वाटले नाही, राग आला नाही. मला सुटल्यासारखे वाटले. दोष जातीचा आहे, असे खुद्द भारत सरकारने लिहून दिले होते. मग कडीचा प्रश्नच कुठे उरला?

आठवड्याभरात, १९ मार्चला, कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या पत्राला आपल्या राज्यापुरती स्थगिती दिली आणि १० एप्रिलला ते रद्दच केले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकलेच नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. रीतसर विचारविनिमय करून नवा निर्णय घ्यायला मोकळीक ठेवलीच होती. बातमी वाचून मला पुन्हा सुटल्यासारखे वाटले. सिंबा निर्दोष, म्हणून मीही निर्दोष! एकाच महिन्यात दोन परस्परविरुद्ध निर्णयांनी माझी सुटका केली होती. तेव्हा कुठे मनात पाल चुकचुकली. ज्याला दोन्हीकडून सुटल्याचा आनंद होतो, तो मुळात अडकलेला असला पाहिजे.

त्यानंतर मी या विषयावर जरा वाचन केले. इंग्लंडने १९९१ साली धोकादायक कुत्र्यांचा कायदा करून चार जातींवर बंदी घातली. तेहतीस वर्षांत माणसे चावली जाणे थांबले नाही, आणि २०२३ च्या अखेरीस अमेरिकन बुली एक्सएल ही आणखी एक जात यादीत घालावी लागली. उलट नेदरलँड्सने १९९३ साली घातलेली पिटबुलवरची बंदी पंधराएक वर्षांनी उठवली. गोव्याच्या सरकारने २०२५ मध्ये पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदी आणण्याचे ठरवले, तेव्हा म्हापशाच्या आतेभावाचा फोन आला, "तुझ्या सिंबाला आता आमच्याकडे पाहुणा म्हणूनही आणता येणार नाही." बडोद्याला धाकटी बहीण असते, तिथल्या महापालिकेला १९४९ च्या मूळ मुंबई प्रांतिक कायद्याने कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार आहे. आजोबांच्या शहापूरची हद्द पुसली गेली, पण कुत्र्याच्या वाटेवरच्या हद्दी काही संपल्या नाहीत.

या सगळ्या कायद्यांच्या गर्दीत एक जुने कलम मात्र सर्व हद्दींत सारखे आहे. १८६० च्या दंडसंहितेचे २८९ वे कलम; भारतीय न्याय संहितेत ते आता २९१ वे झाले आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा हजारावरून पाच हजार झाली, एवढाच फरक. त्या कलमात कोणत्याही जातीचे नाव नाही. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसावर मात्र बोट ठेवले आहे.

जातीला काहीच अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. सिंबाचा जबडा आणि एखाद्या पॉमेरेनियनचा जबडा यांत फरक आहे. तो त्या तरुणाच्या दंडाने भोगला आहे. ज्यांची मुले अशा हल्ल्यांत गेली, त्यांना बंदी हवीशी वाटली तर त्यांच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. अशा कुत्र्यासाठी वेगळा परवाना असावा, मुसके सक्तीचे असावे, साखळी धरणाऱ्या हातात ती पेलण्याचे बळ आहे की नाही हे कुणीतरी तपासावे. त्या तपासणीत मी नापास झालो असतो आणि ते योग्यच झाले असते. पण राजा कोणत्याही यादीत नव्हता आणि आजही नाही. तिकिटावर मिरवणाऱ्या जातीचा तो कुत्रा चावलाच होता. फरक पडला तो पुढच्या चौदा दिवसांत.

नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. दत्ताच्या पायाशी चार श्वान पाहून आपण हात जोडतो. कुत्र्यावर माया करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. कुत्रा ज्याला चावला त्याच्या दारी जाणे मात्र जड जाते.

२०२४ च्या मे महिन्यात मी त्या तरुणाचा पत्ता काढला. गावाबाहेरच्या वस्तीत दोन खोल्यांचे घर होते. तो कामावर गेला होता. आई घरी होती. मी कोण ते सांगितले. तिने खुर्ची पुसून दिली, पाणी दिले. मी कडीची हकिगत सांगितली, तिच्या मुलावर खोटा आळ घेतल्याचेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कुत्रं हाय, चावलं. त्येचं काय न्हाई. पैसे बी मिळाले. पण बंगल्यातनं कोण एकदा बघायला पण आलं न्हाई, ते पोराच्या मनाला लागलं."

मी हात जोडले. आजोबांनी जोडले होते तसेच. पण ते चौदाव्या दिवशी, आणि मी दोन वर्षांनी.

आता सिंबा म्हातारा झाला आहे. त्याचे निर्बीजीकरण केले, महापालिकेत नोंद केली. फिरवायला एक तरुण गडी येतो आणि बाहेर पडताना सिंबाच्या तोंडाला मुसके असते. फाटकाला आपोआप बसणारी नवी कडी लावून घेतली आहे. फडताळातला बिल्ला काढून, चिंचेने घासून, मी तो फाटकाशेजारच्या खिळ्याला अडकवला आहे.

तो तरुण अजूनही आमच्या भागात पार्सले आणतो. फाटकाच्या आत मात्र येत नाही. रस्त्यावरूनच हाक मारतो, "काका, कडी लावलीसा काय?" मला ठाऊक असते, ती लागलेली आहे. तरीही मी उठतो, फाटकापर्यंत जातो, कडी हाताने हलवून पाहतो, आणि मगच त्याला हो म्हणतो.