सहा आकड्यांचा पत्ता

अमेरिकेतल्या एका न्यायालयात माझ्या वतीने तडजोड झाली. वकील ठरले, भरपाईची रक्कम ठरली, अर्जाची मुदतही ठरली. मला हे सगळं समजलं मैसूरमध्ये, सरस्वतीपुरमच्या घरी. ॲन आर्बरच्या आमच्या जुन्या शेजारणीने २०२५च्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर एका पोस्टकार्डाचा फोटो पाठवला. आमच्या जुन्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांच्या पेटीत माझ्या नावाचं कार्ड आलं, त्यांनी ते तिच्याकडे दिलं. "वहिनी, जाहिरात दिसतेय, टाकून देऊ का?" असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, थांब, मागची बाजूही पाठव.

मागच्या बाजूला माझ्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि दावा क्रमांक होता. २०१६ साली घेतलेली ती गाडी माझ्या नावावर होती. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत माझी पहाटेची पाळी असे, मिशिगनच्या बर्फातून मी तीच गाडी चालवत जायची. तिचा गिअरबॉक्स सीव्हीटी प्रकारचा होता. त्यात नेहमीसारखी दातेरी चक्रं बदलत नाहीत, दोन पुलींमधून पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी कमीजास्त होऊन वेग बदलतो. तो पट्टा घसरायला लागला की गाडी थरथरते, ॲक्सिलरेटर दाबूनही पुढे सरकत नाही. माझी गाडी हायवेवर, मागून ट्रक येत असताना, अशी दोनदा बसली. तेव्हाची भीती अजून अंगात आहे. वॉरंटी संपून थोडेच महिने झाले होते. कंपनीने हात वर केले आणि नव्या गिअरबॉक्सचे ३,९०० डॉलर आम्ही भरले. पुढच्याच वर्षी, २०२२मध्ये, आम्ही गाडी विकून इकडे परतलो. यांचं घराणं चार पिढ्या मैसूरचं, त्यामुळे निवृत्तीनंतर राहायचं कुठे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

म्हणजे त्या पोस्टकार्डाने सांगितलं ते असं, की ही तक्रार माझ्या एकटीची नव्हती. हजारो लोकांच्या गाड्या तशाच थरथरत होत्या, काहींनी मिळून दावा लावला होता, आणि खिशातून दुरुस्ती केलेल्यांना पैसे परत मिळणार होते. मला मनापासून आनंद झाला. पैशांपेक्षा जास्त आनंद, "तुमच्या चालवण्यातच दोष आहे" असं सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकून घेतलं होतं, ते खोटं ठरल्याचा.

क्लास ॲक्शनची अमेरिकन पद्धत समजून घ्यायला मला वेळ लागला. तिथल्या दिवाणी नियमांतला तेविसावा नियम १९६६ साली बदलला. तेव्हापासून भरपाईच्या अशा दाव्यात प्रत्येक बाधित माणूस आपोआप सामील धरला जातो, ज्याला नको असेल त्याने मुदतीत तसं लिहून कळवायचं. गप्प राहिलात तर तडजोड तुम्हाला बांधून घेते, त्याच तक्रारीसाठी वेगळं कोर्टात जायचा तुमचा हक्क जातो. पैसे मात्र गप्प राहून मिळत नाहीत. त्यासाठी अर्ज, पुरावे, सही, मुदत. माझा हक्क काढून घ्यायला त्यांना माझ्या एकाही कागदाची गरज पडली नव्हती. तो परत मागताना प्रत्येक पायरीवर कागद लागला. हा फरक मला तेव्हाही अन्याय्य वाटला आणि आजही वाटतो.

पहिला कागद गाडी माझी होती याचा. मालकीचं पत्र विकताना डीलरला देऊन टाकलेलं. सतरा अक्षरांचा विन नंबर, म्हणजे आपल्याकडचा चासी नंबर, जुन्या विम्याच्या कार्डावर सापडला. विकलेल्या गाडीच्या नोंदीची प्रत मिशिगन राज्याकडून शुल्क भरून मागवता येते, ती मागवली. दुसरा कागद दुरुस्तीच्या बिलाचा. त्यावर तारीख, मैल, बदललेला भाग आणि पैसे भरल्याची खूण, चारही हवं. माझ्या बिलावर तीन गोष्टी होत्या, पैसे भरल्याची खूण नव्हती. ज्या वर्कशॉपमध्ये काम झालं ते दरम्यान दुसऱ्याने विकत घेतलेलं. तिथल्या एका बाईंनी, त्यांना काहीही बंधन नसताना, जुन्या संगणकातून नोंद शोधून ईमेलने पाठवली. मैसूरची वेळ सांभाळून त्यांनी फोनही केला. या सगळ्या प्रकरणात मला भेटलेला सर्वांत सज्जन माणूस त्या.

मग ऑनलाइन अर्ज. पत्त्याच्या रकान्यात देश निवडायची सोयच नव्हती. राज्य म्हणून अमेरिकेची पन्नास राज्यं, आणि पिनकोडच्या जागी पाच आकडे. सरस्वतीपुरमचा पिन ५७०००९. सहावा आकडा टाकला की रकाना लाल होई आणि अर्ज पुढे सरकेना. शेजारणीचा पत्ता घालावा असं यांनी सुचवलं. पण अर्जाखाली, दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास शपथभंगाची शिक्षा, असं लिहून सही करायची होती. जिथे मी राहत नाही तो पत्ता माझा म्हणून लिहायला मी तयार नव्हते. मदतवाहिनीवर सांगितलं गेलं: कागदी अर्ज भरा, टपालाने पाठवा, मुदतीच्या आतला टपालाचा शिक्का असला की पुरे.

मुदत सप्टेंबरअखेरची होती. आणि नेमकं त्याच वेळी भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल बंद झालं. अमेरिकेने स्वस्त मालावरची जकातमाफी काढली, वाहतूक कंपन्या टपाल उचलेनात, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं थांबवली आणि ऑगस्टच्या अखेरीस पत्रं-कागदपत्रंही घेणं थांबवलं. ती सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला. टपाल कार्यालयातल्या मुलीने मला शांतपणे कन्नडमध्ये समजावलं, की अक्का, साधं पत्रही घेता येत नाही. दोन सरकारांच्या जकातीच्या भांडणात माझ्या गिअरबॉक्सचा अर्ज अडकला. शेवटी खासगी कुरिअर. दसऱ्याची गर्दी सुरू झालेली, राजवाड्याकडचे रस्ते बंद, त्यातून कुरिअरचं कार्यालय गाठलं. कुरिअरच्या पावतीला टपालाचा शिक्का म्हणायचं की नाही याचं उत्तर मदतवाहिनीवर कोणालाच देता आलं नाही. मी टपालबंदीच्या सरकारी सूचनेची प्रत अर्जाला जोडली, आणि तीच उपयोगी पडली असावी, कारण अर्ज दाखल करून घेतला गेला.

दावा मंजूर झाला, तो अर्ध्याहून कमी रकमेला. कपातीचं कारण, गाडीचे मैल ठरलेल्या टप्प्याच्या पुढे गेले होते. ते मला मान्य आहे, तो नियम सगळ्यांना सारखा होता. मान्य नाही ते पुढचं. पैसे चेकने आले, डॉलरमध्ये, नव्वद दिवसांत वटवायच्या अटीवर, आणि त्यातले बरेच दिवस प्रवासात गेलेले. आमच्या बँकेने सांगितलं की परदेशी चेक वसुलीला घेणं आम्ही बंद केलं आहे. दुसऱ्या बँकेने घेतला असता, पण नव्या ग्राहकाचा नाही. तिकडची खाती आम्ही निघतानाच बंद केली होती. आता चेक परत पाठवून रक्कम थेट खात्यात भरा असा अर्ज केला आहे, सोबत बँकेचं पत्र जोडून. उत्तर आलेलं नाही.

हे एकटीच्या नशिबाचं म्हणून सोडून दिलं असतं. पण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ साली अशा तडजोडींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो वाचून मी सुन्न झाले. जिथे अर्ज करावा लागतो अशा तडजोडींत पैसे मागणाऱ्यांचं मध्यक प्रमाण अवघं ९ टक्के, आणि सूचना मिळालेल्यांच्या संख्येनुसार वजन देऊन सरासरी काढली तर ४ टक्के. अनेक तडजोडी अशा असतात की जितके दावे मंजूर होतील तितकेच पैसे कंपनी देते, न मागितलेले तिच्याकडेच राहतात. मग पाच आकड्यांचा तो रकाना साधी तांत्रिक उणीव राहत नाही. अडलेला प्रत्येक अर्ज कोणाच्या तरी खात्यात शिल्लक टाकतो, आणि रकाना दुरुस्त करण्याची घाई कोणालाच नसते.

आमच्या समोर निवृत्त शिक्षक राहतात, सगळी गल्ली त्यांना मेष्ट्रू म्हणते. वेगळ्या कंपनीची, पण तशाच थरथरणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी त्यांच्याकडे आहे. माझी कागदपत्रं बघून ते म्हणाले, "अक्का, मला असा अर्ज कुठे मिळेल?" मला उत्तर देता आलं नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण आठवलं. प्रदूषण चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर सापडलं तेव्हा अमेरिकेत सुमारे पावणेपाच लाख गाड्यांसाठी ऑक्टोबर २०१६मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली. गाडी परत घ्यायची सोय आणि वर मालकाला काही हजार डॉलर. भारतात डिसेंबर २०१५मध्ये त्याच समूहाच्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्या सॉफ्टवेअर बदलून देण्यासाठी. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९मध्ये ५०० कोटींचा दंड लावला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि तो दंडही पर्यावरणासाठी होता, गाडीमालकांसाठी नव्हे.

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३५(१)(क) प्रमाणे, समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही जण जिल्हा आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. राहत्या गावी तक्रार करता येते, म्हणजे मैसूरमध्येच. नऊ लाखांच्या गाडीला शुल्क फक्त दोनशे रुपये. अवघड आहे ती "समान हितसंबंध" ही अट. बंगळुरूच्या एका गृहसंकुलात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी हजारावर सदनिकांच्या वतीने तक्रार केली होती. १७ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांचं हित एकच आहे हे तक्रारीत पुरेसं मांडलेलंच नाही. त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार चालेल, पण उरलेल्यांच्या नावाने नाही. इथे सामील व्हायला आधी एकमेकांना शोधावं लागतं, आणि दोष ध्यानात आल्यापासून दोन वर्षांत.

आम्ही तो निकाल मेष्ट्रूंच्या ओट्यावर बसून ओळ न ओळ वाचला. आता त्यांच्या मॉडेलचे मालक शोधतोय: उत्पादनाचं वर्ष तेच, गिअरबॉक्स तोच, आणि जॉब कार्डावर थरथरीची तक्रार लिहिलेली. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगू नका, लिहून घ्या आणि प्रत मागा, हे मेष्ट्रू भेटेल त्याला सांगतात. मंड्याचे दोघे आणि नंजनगुडचा एक टॅक्सीवाला तयार झाले आहेत. तिघांच्या जॉब कार्डांचा तक्ता मी केला आहे, वकिलांनी तो बघितला आणि अजून नावं हवीत म्हणाले. हुणसूरच्या एका डॉक्टरांची गाडी त्याच महिन्यात बनलेली आहे. त्यांचे कागद शनिवारी येणार आहेत.