दुधाच्या कॅन आणि चाळीस किलोमीटर

आमच्या विंगमध्ये मला अजूनही ‘टेम्पो’ म्हणतात. फर्स्ट इयरच्या पोरांना वाटतं, याच्या घरी टेम्पोचा धंदा असेल. तसं काही नाही. गेल्या वर्षी मी एका शर्यतीतून टेम्पोत बसून परत आलो, सायकलसकट. आता प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, मॅगझिनमध्येच लिहून टाकावं.

शर्यत होती अक्वाबाइकची. म्हणजे आधी पोहायचं आणि मग सायकल. ट्रायथलॉनमधून धावणं वजा केलं की जे उरतं ते. फर्स्ट इयरला कबड्डीत माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. डॉक्टर म्हणाले, पोह, सायकल चालव, पण पळू नकोस. त्यामुळे माझ्या वाट्याला हाच प्रकार आला. तो अगदीच उरलासुरला खेळ आहे असं मात्र समजू नका. २०१७ साली कॅनडातल्या पेंटिक्टनला याची जागतिक स्पर्धासुद्धा झाली. आमची शर्यत बरीच लहान होती. तलावात दीड किलोमीटर पोहायचं, मग सायकलवर वीस किलोमीटर जायचं आणि वीस परत यायचं.

पोहण्याची मला भीती नव्हती. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तलावावर मी शाळेत असतानाच शिकलो होतो. (मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिथल्या मुलांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, हे आम्हाला तिथले सर दर आठवड्याला ऐकवायचे.) प्रश्न सायकलचा होता. चांगली सायकल म्हणजे पैसे. त्या वर्षी आमच्या आंबिया बहाराचे थोडे पैसे आले होते, ते बाबांनी ठिबकच्या पाइपांसाठी बाजूला ठेवले होते. त्यातून माझी सेकंडहॅंड सायकल आली. मी मागितली नव्हती असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगली दोन महिने मागत होतो.

तर पहिली शर्यत. पाण्यातून मी तिसरा बाहेर आलो. तिसरा! आयुष्यात कशातच तिसरा आलो नव्हतो. हेल्मेट घातलं, सायकल उचलली आणि सुटलो. वारा पाठीवर होता, पण ते मला कळलंच नाही. मला वाटलं हे सगळं माझ्याच पायांचं काम आहे. पहिले वीस किलोमीटर ३२ मिनिटांत, म्हणजे ताशी साडेसदतीस. वळलो आणि तोच वारा छातीवर आला. पंचविसाव्या किलोमीटरला मांड्या दगड झाल्या, तिसाव्याला पोटरीत गोळा आला, एकतिसाव्याला उतरलो आणि एका बाभळीखाली बसलो. तेवढ्या अकरा किलोमीटरला ३५ मिनिटं लागली होती. मग तो प्रसिद्ध टेम्पो आला.

शेवटच्या रेषेजवळ बाबा उभे होते. चांदूर बाजारहून पहाटेच्या एसटीने आले होते, हातात संत्र्यांची थैली. मी टेम्पोतून उतरलो तेव्हा ते रस्त्याकडेच पाहत होते, सायकलवाल्यांमध्ये मला शोधत. मागून जाऊन मला हाक मारावी लागली. त्यांनी एक संत्रं सोलून दिलं आणि एवढंच म्हणाले, “पाण्यातून निंगाल्यावर येवढा काहून पयाला?” संध्याकाळी मी म्हटलं, सायकल विकून टाकू, पाइप घ्या. त्या साली फळगळ इतकी झाली होती की बगिच्यात पाय ठेवला की संत्रं फुटायचं. बाबा म्हणाले, “एक डाव अजून करून पाहू. नाही जमलं तं इकून टाकू.”

हॉस्टेलवर आल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो, आपण शेवटी इंजिनिअर ना. सपाट रस्त्यावर वेगात जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर पॉवर जवळजवळ ३३ टक्के जास्त लागते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे लिहून मी मार्क घेतले होते, पण ते माझ्या मांड्यांनाही लागू आहे हे डोक्यात आलं नव्हतं. दुसरी गोष्ट वाऱ्याची. समजा जाताना ताशी चाळीस आणि येताना ताशी वीस. सरासरी तीस वाटते, पण वीस किलोमीटर जायला अर्धा तास आणि यायला एक तास, म्हणजे सरासरी पावणेसत्तावीसही नाही. जास्त वेळ आपण वाऱ्याच्या तोंडावरच असतो. म्हणून राखलेला दम तिथे खर्चायचा, वारा पाठीवर असताना नाही. मी नेमकं उलटं केलं होतं.

त्यात पाण्यातून निघाल्यावर काळीज आधीच धडधडत असतं. हात-खांदे दमलेले असतात, पाय ताजे वाटतात आणि फसवतात. ट्रायथलॉनवाल्याला निदान पुढे पळायचं आहे ही धास्ती असते, तो पाय राखून चालवतो. अक्वाबाइकवाल्याला वाटतं, यानंतर काहीच नाही, मग राखायचं कशाला?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे सगळं आबाजींना सांगितलं, पॉवरच्या घनासकट. आबाजींनी तरुणपणी खेड्यावरून चांदूर बाजारला सायकलवर दूध घातलंय, दोन बाजूंना दोन कॅन. ते म्हणाले, “बापू, कॅनमंदी दूध हाये असं समज. धक्का देशीन तं सांडते, हळू जाशीन तं नासते.” माझ्या दोन पानांच्या हिशेबात हे कुठेच बसत नव्हतं, आणि सगळा हिशेब त्यात बसत होता.

पॉवर मोजायचं यंत्र सायकलला लावतात, पण ते माझ्या सायकलपेक्षा महाग. मग मोजायचं कशाने? आबाजी म्हणाले, पाढे म्हण. ते दूध घालताना पाढेच म्हणायचे, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत. मी कॉन्व्हेंटचा. आम्ही टेबल्स म्हणायचो, आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी यात माझी आजही गडबड होते. वयाच्या विसाव्या वर्षी मी बे एके बे पासून सुरुवात केली. पण पद्धत पक्की आहे. एका श्वासात ‘बे साते चौदा’ एवढं नीट निघालं तर वेग बरोबर. पूर्ण पाढा आरामात निघाला तर आपण टाइमपास करतोय. ‘बे’ म्हणून तोंड उघडंच राहिलं तर टेम्पो बोलवा.

करजगावकडून बहिरमच्या रस्त्याला मी रोज पहाटे जायचो. सातपुड्याकडे जाताना रस्ता नकळत चढत जातो, डोळ्यांना सपाट दिसतो, पायांना कळतो. बहिरमची यात्रा भरली की तिथे रोडग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटतो. तिथून उपाशी परत फिरणं हा ट्रेनिंगचा सगळ्यात अवघड भाग होता, आणि दोनदा तो मला जमला नाही.

त्याच दिवसांत नागपूरच्या डॉ. अमित समर्थांबद्दल वाचलं. २०१७ साली त्यांनी एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, मुदत बारा दिवसांची. मी भागाकार केला. २८८ तास, म्हणजे ताशी साधारण १७ किलोमीटर. एवढ्या वेगाने तर दूधवाला जातो! पण त्यात झोप, जेवण, डोंगर, वाळवंट सगळं आलं. बारा दिवस तो आकडा खाली पडू द्यायचा नाही, यात किती राखणं आलं ते मला बाभळीखाली बसलेलो असल्यामुळे चांगलं समजलं.

दुसरी शर्यत या जानेवारीत झाली. तोच तलाव, तोच रस्ता, वाराही तसाच. या वेळी पाण्यातून आठवा आलो. पहिली दहा मिनिटं फक्त पाढा. आणि एकेक जण मला मागे टाकून जातोय! आमच्या विंगची चार पोरं मोटरसायकलवर आली होती. ती रस्त्याच्या कडेने ओरडत होती, “अबे टेम्पो, पाय हलव ना!” खरं सांगतो, गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षा ती दहा मिनिटं जड गेली. पंधराव्या किलोमीटरला केळं खाल्लं, भूक नसताना. वीस किलोमीटर ३७ मिनिटांत झाले. वळलो, वारा छातीवर आला, खाली वाकलो आणि पाढा तोच ठेवला. मग माणसं दिसायला लागली. आधी एक, मग दोघं. एक जण त्याच बाभळीच्या आसपास उतरून पोटरी चोळत होता. थांबून त्याला माझं पाणी दिलं, त्यात अर्धं मिनिट गेलं असेल. येतानाचे वीस ४२ मिनिटांत. एकूण ७९. अकरावा आलो.

बाबा या वेळी आले नव्हते, संत्र्याचा तोडा चालू होता. फोनवर सगळं सांगितलं. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पायांत एवढा जोर होता की मी चक्क गाणं म्हणत आलो, हेही कौतुकाने सांगितलं. तिकडे थोडा वेळ नुसताच संत्री क्रेटमध्ये पडल्याचा आवाज येत होता.

“मंग येवढा जोर कायले ठेवला होता?” बाबा म्हणाले. “घरी आनून इकाचा होता काय?”

सायकल अजून विकलेली नाही. पाइपही अजून आलेले नाहीत.