कोलकात्यात जेवणाचा मुहूर्त

रविवारी सकाळी साडेनऊला मी पोद्दार कोर्टच्या मागच्या रस्त्यावर पोचलो, तेव्हा एक बाई रिकामी पातेली एकात एक घालून हातरिक्षात चढवत होती. कोलकात्याचा चिनी नाश्ता खायला मी मुंबईहून जवळपास 2000 किलोमीटर रेल्वेने आलो होतो. बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शेष."

मला हायसं वाटलं. शेष म्हणजे काहीतरी उरलंय! मी हात पुढे करून उभाच. त्यांनी पातेलं उलटं करून दाखवलं. बंगालीत शेष म्हणजे संपलं, हे मला त्या पातेल्याने शिकवलं.

आदल्या दिवशी दुपारी गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरलो होतो. हावड्याहून आता मेट्रो हुगळीच्या पात्राखालून एस्प्लेनेडला येते. 2024 पासून ही सोय झाली आहे. तिथे गाडी बदलून जतीन दास पार्क गाठलं आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात सामान टाकलं. संध्याकाळी मोबाईलवरच्या 'कोलकात्यात खायलाच हव्यात अशा जागा' छापाच्या यादीतलं पहिलं नाव निवडलं. सव्वा तास रांगेत उभं राहिल्यावर पुढ्यात आलेला मासा इतका गुळगुळीत आणि निर्गुण होता, की तो गोड्या पाण्यातला की खाऱ्या हेही कळेना. नाव सांगत नाही. यादीत पहिलंच आहे, तुम्हाला सापडेल.

चिनी नाश्ता हुकला त्याचं कारण त्याहून साधं. रविवारी मेट्रो सुरूच होते नऊच्या सुमारास, आणि मी शहाणा तिची वाट पाहत बसलो.

परत आलो तो निवासात एक वयस्कर गृहस्थ भेटले. आजोबा नोकरीसाठी इकडे आले, तेव्हापासून हे कुटुंब कोलकात्याचं. मराठी अस्सल, पण 'व'चा मधूनच 'ब' व्हायचा. माझी हकिकत ऐकून ते पोटभर हसले. म्हणाले, "अरे, सगळे कुठे खायचं ते विचारतात. कधी खायचं ते कोणी विचारत नाही. इथे हॉटेलाला पत्ता कमी आणि मुहूर्त जास्त असतो." मग त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या मागच्या बाजूला मला आठवड्याचं टाचण करून दिलं. जागांपुढे रस्त्यांची नावं नव्हती, वेळा होत्या. पुढचे सात दिवस मी त्या पाकिटाच्या आज्ञेत काढले.

सोमवारी दुपारी एकला जानबाजार. दक्षिणेश्वरचं मंदिर बांधणाऱ्या राणी रासमणींचा वाडा याच भागात. न्यू मार्केटपासून चालत पाच-सात मिनिटांवर 'सिद्धेश्वरी आश्रम' आहे. आपल्याकडे या नावाच्या ठिकाणी चप्पल बाहेर काढून भजनाला बसावं लागेल. इथे केळीच्या पानावर मासा मिळतो. अशा खाणावळींना कोलकात्यात 'पाइस हॉटेल' म्हणतात. पाइस म्हणजे पैसा. पूर्वी काही पैशांत पोटभर जेवण मिळे, त्यावरून हे नाव पडलं. बाहेरगावाहून आलेले कारकून, विद्यार्थी, बाजारातले नोकर यांच्यासाठी ही हॉटेलं निघाली. आपल्या गिरगाव-लालबागच्या खाणावळींची ही सख्खी बहीण, पण हिशेब वेगळा. इथे थाळी नसते. भाताचे वेगळे, डाळीचे वेगळे, लिंबाच्या फोडीचे वेगळे, आणि ज्यावर जेवायचं त्या केळीच्या पानाचेही वेगळे पैसे लागतात. कंजूसपणा नव्हे, सरळ व्यवहार आहे. जे खाल्लं नाही, त्याचा पैसा नाही.

वाढपी आले आणि सगळा मेनू एका श्वासात म्हणून मोकळे झाले. मला त्यातलं 'भात' आणि 'माछ' एवढंच उमगलं. मी आपला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, इलिश. पंचविशी ओलांडल्यापासून मी या माशाबद्दल ऐकत आलोय. वाढप्यांनी मान हलवली. "एखन ना, बाबू. पाबदा खान."

इलिश पावसाळ्याचा. समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो, तेव्हा त्याला चव आणि तेल येतं. पूर्व बंगालातून आलेल्या कित्येक घरांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपासून वसंत पंचमीच्या सरस्वतीपूजेपर्यंत इलिश घरात आणतच नाहीत. ऐकताना मला नारळी पौर्णिमा आठवली. आपले कोळीही पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि नारळ वाहिल्याशिवाय दर्यावर जात नाहीत. माशाला उसंत द्यायची आणि त्या उसंतीला देवाचं नाव द्यायचं, ही युक्ती दोन्ही किनाऱ्यांना सुचलेली दिसते.

पण मला जास्त आवडला तो वाढप्याचा नकार. गिऱ्हाईक महागडा मासा मागतंय आणि हा माणूस त्याला स्वस्तातला खायला सांगतोय. नवख्या शहरात चांगलं हॉटेल ओळखायची माझी एकच कसोटी आता उरली आहे: तिथे 'हे आज घेऊ नका' असं कोणी म्हणतं का?

पाबदा आला, त्यासोबत डाळ, केळफुलाची भाजी आणि शुक्तो. बंगालीत केळफुलाला मोचा म्हणतात. कोकणातल्या माणसाला ती भाजी ओळखीची वाटते, फक्त यांच्यात वाटाण्या-हरभऱ्याऐवजी बटाटा आणि गरम मसाला असतो. मी सवयीने भातावर डाळ ओतली, बाजूला मासा घेतला आणि शुक्तोला बोट लावणार तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांना राहवलं नाही. "दादा, आगे शुक्तो!"

आपलं ताट एकदम वाढलं जातं. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि मग ज्याने त्याने आपल्या मनाने हात फिरवावा. बंगाली जेवण ओळीने येतं. आधी कारल्याचा कडूपणा असलेला शुक्तो, मग डाळ आणि तळण, मग भाज्या, मग मासा, नंतर गोड चटणी, शेवटी मिठाई. कडू ते गोड असा हा प्रवास, आणि मी मधल्याच स्टेशनवर चढलो होतो. शेजाऱ्यांच्या देखरेखीखाली पहिल्यापासून सुरुवात केली. पाबदा वीतभर लांबीचा, जवळजवळ बिनकाट्याचा मासा आहे. रश्श्यात काळं जिरं आणि हिरवी मिरची, बाकी काही नाही. सुरमई-बांगड्यावर वाढलेल्या माझ्या जिभेने आधी खोबरं शोधलं, मग कोकम शोधलं, आणि दोन्ही नाही म्हटल्यावर निमूट माशाकडे लक्ष दिलं. तेच हवं होतं. शेवटी वाढप्याने पान न बघता तोंडी बेरीज सांगितली. मी मनात दोनदा करून पाहिली, बरोबर होती.

मंगळवारी शोभाबाजारला मित्र कॅफेत चॉप-कटलेट. मुहूर्त संध्याकाळी पाचनंतरचा, त्याआधी कढई तापत नाही असं पाकिटावर होतं. बुधवारी न्यू मार्केटमधली नाहूम. 1902 साली बगदादी यहुदी कुटुंबाने सुरू केलेली ही बेकरी. पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे बगदादी यहुदी आपल्याला नावाने तरी माहीत आहेत. त्यांच्यातलेच काही कलकत्त्याला आले. एके काळी त्यांची वस्ती काही हजारांची होती, आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. दुकान मात्र गच्च असतं. लाकडी काचेच्या कपाटांपुढे उभं राहून मी एक लेमन टार्ट खाल्लं आणि दुसरं बांधून घेतलं. ते निवासापर्यंत पोचलं नाही.

गुरुवारी पहाटे पाचला उठवलं पाकिटाने. झकारिया स्ट्रीट, नाखोदा मशिदीजवळ 'सुफिया'. हिवाळ्यातल्या पहाटे इथे निहारी मिळते, उजाडून जरा वेळ झाला की देगची रिकामी होते. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस, वर आल्याचे उभे काप, हातात गरम रोटी. पलीकडच्या बाकावर हमाल, मी, आणि कोट घातलेला एक वकील. 1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला येऊन राहिले. लखनौचे आचारी त्यांच्यामागून आले, म्हणून या शहराला मोगलाई हात आहे. त्याच स्वयंपाकघरातून बिर्याणीत बटाटा आला. नवाबाचे पैसे संपले म्हणून मांसाची जागा बटाट्याने भरली असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही, तेव्हा बटाटा हीच नवलाईची चीज होती. शिवाय मांसाचा रस प्यालेला तो अख्खा बटाटा खाऊन पाहा, गरिबीची शंका येणार नाही.

एका सकाळी मी पाकिटाबाहेरची वाट धरली आणि बागबाजारला गेलो. तिथे 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालात उतरलं, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे त्या शहरात आलेही नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बर्गी, म्हणजे आपले बारगीर, अजून इथल्या अंगाईगीतात येतात. पोरांना त्यांची भीती घालून झोपवतात. गल्लीतल्या चहावाल्याने मी कुठला विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "एतो देरी?" इतका उशीर? आणि मातीच्या कुल्हडातला चहा पुढे केला.

तिथून हेदुआजवळ रामदुलाल सरकार स्ट्रीटवर 'गिरीशचंद्र दे अँड नकुडचंद्र नंदी' हे 1844 सालचं मिठाईचं दुकान. इथे फक्त संदेश. रसगुल्ला मागू नका, मिळत नाही. लोखंडी गजांच्या पलीकडे मिठाईवाले बसतात, गजांतून पैसे द्यायचे आणि गजांतूनच मिठाई घ्यायची, तुरुंगातल्या भेटीसारखं. पाकिटावर इथे घड्याळाची वेळ नव्हती, महिना होता: पौष-माघ. हिवाळ्यात खजुरीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर मडक्यात रस गोळा करतात. हे काम करणाऱ्याला शिउली म्हणतात. पहाटे तो रस आटवला की नोलेन गुड, नवा गूळ. थंडी सरली की रस आंबतो, गूळ संपतो.

मी जलभरा घेतला. तालशाँसच्या, म्हणजे ताडगोळ्याच्या आकाराचा फिकट तपकिरी संदेश. ताज्या छेन्याचा असल्यामुळे खव्याच्या पेढ्यासारखा तो टाळूला चिकटत नाही. बेताने मी तो अर्धाच चावला आणि आतला पातळ गूळ मनगटावरून थेट शर्टाच्या बाहीत शिरला. गजांपलीकडच्या माणसाने न बोलता कागद पुढे केला. त्या गुळाला धुराचा वास होता, किंचित करपलेला, काकवीला येतो त्याच्या जवळचा. कोल्हापूरकर माझ्यावर चिडतील, पण बोलतो: या गुळापुढे मला आपला गूळ जरा रांगडा वाटला. दुसरा संदेश मात्र अख्खा तोंडात टाकला. तीच रीत आहे.

दुसऱ्या रविवारी मेट्रोच्या नादी लागलो नाही. पिवळी टॅक्सी केली आणि सहा वाजून दहा मिनिटांनी पोद्दार कोर्टच्या मागे उतरलो. धुकं होतं, आणि धुक्यात वाफ. हाच टिरेटी बाजार. अठराव्या शतकात तो तिरेत्ता नावाच्या इटालियन माणसाचा होता. चिनी लोक कलकत्त्याला आले तेही त्याच शतकात. त्यांच्यातला पहिला नामवंत आछू, त्याने हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढला, आणि त्या गावाला अजून आछीपूर म्हणतात. नंतर आलेले हक्का लोक कातडी कमावू लागले, बाकीच्यांत कोणी सुतार झाले, कोणी दंतवैद्य. 1962 च्या युद्धात कित्येक कुटुंबांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं, आणि सुटल्यावर अनेक जण कॅनडाकडे निघून गेले. म्हणून रस्त्यावरच्या टोपल्या आता मोजक्या आहेत आणि विकणारे सगळेच चिनी नाहीत.

मागच्या रविवारच्या बाई तिथेच होत्या. पातेलं भरलेलं होतं. माशाच्या गोळ्यांचं सूप घेतलं, डुकराच्या मांसाचा वाफाळता बाओ घेतला, मग पानात बांधलेला चिकट भात, आपल्या पातोळीची चुलत बहीण. तीळ लावून तळलेले तांदळाच्या पिठाचे गोळे होते, आत गोड सारण. अनारसा गोल झाला तर असाच लागेल. चिनी सॉसेजच्या माळा शेजारी टांगलेल्या. बसायला जागा नाही, गाडीच्या बॉनेटवर वाटी ठेवून खायचं. पावणेआठला मी परत बाओ मागायला गेलो. बाई ओळखीचं हसल्या.

"शेष."

दुपारची गीतांजली वेळेवर सुटली. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जा, रविवार मध्ये येईल असं बघा, टॅक्सी आदल्या रात्री सांगून ठेवा आणि साडेसहाच्या आत पोचा. सुटे पैसे जवळ असू द्यात, बाईंकडे नसतात.