मुलांच्या हाती कोणता इतिहास द्यावा?

जून महिना उजाडून वह्यापुस्तकांना खाकी वेष्टणे घालण्याची घरोघर धांदल सुरू झाली, की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. गणिताचे किंवा इंग्रजीचे कोणते पुस्तक घ्यावे हे विचारावयास कोणी येत नाही. ते शिकवणीवाले ठरवितात. परंतु "सर, पोरासाठी इतिहासाचं एखादं चांगलं पुस्तक सांगा" असे म्हणणारे गृहस्थ दरवर्षी भेटतात. 'चांगले' म्हणजे कसे, असे उलट विचारले तर बहुतेकांचे उत्तर असे, की मुलाला कंटाळा येऊ नये, त्याचा ऊर अभिमानाने भरून यावा, आणि जमल्यास पुढेमागे स्पर्धा परीक्षेला उपयोग व्हावा. पुस्तक खरे असावे, ही अट सहसा कोणी घालीत नाही. ह्यावरून आपल्या लोकांस सत्याचे वावडे आहे असा निष्कर्ष काढू नये. इतिहास म्हणून जे छापले जाते ते खरेच असते, अशी त्या बिचाऱ्यांची समजूत असते, इतकेच.

आमची पुस्तक पारखण्याची रीत अगदी घरगुती आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक हाती आले, की आम्ही प्रस्तावना वाचीत नाही. एकदम १७६३ सालाचे पान काढतो. बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला ही सोय आहे. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला तेथे जाणाऱ्यांची गर्दी नेहमीच असते. त्यांतील किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे, की १० ऑगस्ट १७६३ रोजी ह्याच गावाजवळ पेशव्यांची आणि निजामाची मोठी लढाई झाली. पानिपतच्या आघाताला तेव्हा तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे होते. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले होते, आणि मराठ्यांची फौज निजामाच्या मुलखात शिरून त्याची परतफेड करीत होती. निजाम गोदावरी ओलांडून पलीकडे गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेसह अलीकडच्या तीरावर राहिला. मध्ये नदीला पूर. मराठ्यांनी नेमकी ती वेळ साधली, आणि विठ्ठल सुंदर लढाईत पडला. पैलतीरावरून निजामाला काहीही करता आले नाही.

आता ह्या एका प्रसंगाची पुस्तकापुस्तकांतून काय वाट लागते ते पाहण्यासारखे आहे. पुष्कळ पुस्तकांत तो नसतोच. पानिपत झाले, माधवरावांनी घडी बसविली, आणि पुढचा धडा. कित्येकांत तो एका ओळीत असतो, आणि ती ओळ रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नासाठी लिहिल्यासारखी असते. काहींत मात्र तो भरपूर असतो: तलवारी चमकतात, हत्ती चीत्कारतात, दुष्टांचे पारिपत्य होते. हे तिसऱ्या जातीचे पुस्तक पालकांस फार आवडते. परंतु त्यात दोन गोष्टी हटकून वगळलेल्या आढळतात. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा मराठी ब्राह्मण होता, ही एक; आणि नागपूरकर जानोजी भोसले त्या मोहिमेत आधी निजामाकडे होते व मुलखाचे आश्वासन मिळताच लढाईच्या तोंडावर बाजूला झाले, ही दुसरी. ह्या दोन गोष्टी सांगितल्या की मुलगा हटकून विचारतो, "मग हे नेमके कोणाच्या बाजूचे?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून निघाला, की आमच्या मते त्याच्या इतिहासाच्या अभ्यासाला आरंभ झाला. ज्या पुस्तकात हा प्रश्न उपजूच नये अशी तजवीज केलेली असते, ते कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असो, आम्ही परत ठेवतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती चांगल्या पुस्तकांतूनही सुटते. मराठ्यांचा इतिहास बहुशः पुण्याकडे तोंड करून लिहिला गेला. त्या इतिहासात आमचा भाग 'निजामाचा मुलूख' म्हणून येतो. त्याची लूट झाली म्हणजे शत्रूचे नुकसान झाले, असा हिशेब त्यात सहज मांडला जातो. परंतु त्या मुलखात नांगर धरणारे आमचेच खापरपणजे होते. पुणे लुटले गेले तेव्हा पुणेकरांची जी दैना झाली तिचे वर्णन आमची मुले शाळेत वाचतात. त्याच साली गोदाकाठच्या कुणब्याच्या कणगीचे काय झाले, हे त्यांना कोणी सांगत नाही. पेशव्यांचा द्वेष शिकवावा असे आमचे म्हणणे नाही. माधवरावांविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे. मात्र बीडच्या मुलाने आपल्याच गावाकडे परक्या छावणीतून पाहावयास शिकावे, हे आम्हांस विचित्र वाटते.

कादंबऱ्यांचे काय करावे, हा पुढचा प्रश्न. माधवराव म्हटले की आपल्या घरांतून रणजित देसाई यांची 'स्वामी' निघते. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तीन पिढ्यांनी माधवराव आणि रमाबाई तिच्यातूनच ओळखले. ती मुलांच्या हातून काढून घ्या असे सांगणारा इतिहासाचा शिक्षक अरसिक समजावा. परंतु कादंबरी ही कादंबरी म्हणून द्यावी. माधवरावांच्या मनात अमुक रात्री काय चालले होते, हे लेखकाला कसे कळले, असे मुलाला एकदा सहज विचारावे आणि गप्प बसावे. चौदा वर्षांचा मुलगा ह्या प्रश्नावर दोन दिवस विचार करू शकतो. आम्ही ते पाहिले आहे.

सरकारी पाठ्यपुस्तकांना नावे ठेवणे ही सुशिक्षितांची एक करमणूक आहे, तीत आम्हांस गोडी नाही. बालभारतीची स्थापना १९६७ साली झाली. तिच्या चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकावर अवघा महाराष्ट्र वाढला. ते गोष्टीचे पुस्तक आहे आणि त्या वयाला गोष्टच हवी. विशेष सांगावयाचे आहे ते २०१८ साली निघालेल्या दहावीच्या पुस्तकाविषयी. राजांच्या सनावळ्या सोडून ते पुस्तक इतिहास लिहितात कसा, हे सांगावयास बसते. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स ही नावे खेड्यातल्या मुलासमोर ठेवते आणि भारतीय इतिहासलेखनाची परंपराही उलगडून दाखविते. पालकांनी त्यावर 'अवघड' म्हणून बरीच ओरड केली. आमचे मत निराळे आहे. महाविद्यालयात पदवीच्या वर्गाला आम्ही जे धडपडत शिकवीत होतो, ते पंधराव्या वर्षी मुलाच्या कानावर पडते, हा मोठाच लाभ आहे. दुर्दैव इतकेच, की इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुण, म्हणून मुले मूळ पुस्तक न उघडता गाइड उघडतात. प्रश्न विचारावयास शिकविणारे पुस्तक, आणि त्याची तयार उत्तरे विकत मिळतात!

घरी थोडी वरची पायरी चढवावयाची असेल तर आम्ही एक जोडी सुचवितो. साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रांट डफने मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध केला, आणि पुढे कित्येक वर्षे तोच प्रमाण मानला गेला. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या तरुणाने त्या ग्रंथावर टीका लिहून त्यातील उणिवा दाखवून दिल्या. साहेबाचे राज्य ऐन भरात असताना विशीतील एक मुलगा साहेबाच्या ग्रंथाला हात घालतो, आणि तोही शिव्याशाप न देता, पुरावा मागून! मुलांना अभिमानच वाटावयास हवा असेल तर तो ह्या गोष्टीचा वाटू द्यावा. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला, त्याचे मूळ ह्याच तऱ्हेच्या असमाधानात आहे. राजवाड्यांचे खंड मुलांना वाचावयास द्यावेत असे नाही. पण त्यांतील एखादे अस्सल पत्र बापाने मुलाजवळ बसून अक्षर अक्षर लावीत वाचावे. अर्धे समजणार नाही. न समजलेले ते अर्धे फार उपयोगी पडते. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यास राजपुत्रांना शिकवीत होते. त्या शिकविण्याच्या गरजेतूनच पुढे रियासतींचा एवढा वृक्ष वाढला. गृहशिक्षणातून निघालेले इतके मोठे काम मराठीत दुसरे दाखविता येणार नाही.

इंग्रजी वाचणाऱ्या मुलांस पंडित नेहरूंची जगाच्या इतिहासावरील पत्रे द्यावीत. १९३० ते १९३३ ह्या काळात ती तुरुंगातून मुलीला लिहिलेली आहेत. ग्रंथालय हाताशी नव्हते, त्यामुळे तपशील तपासून घ्यावा लागतो; आणि तपासावयास लावणारे पुस्तक हे काही वाईट पुस्तक नव्हे.

येथवर सारे सोपे आहे. अवघड जागा पुढे आहे, आणि ती आमच्या भागातील प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी सप्टेंबरात भेटते. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबरला शाळाशाळांतून मुक्तिसंग्रामाचे झेंडावंदन होते, भाषणे होतात. अंबाजोगाईत, जिला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते, हे आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो. रझाकारांनी गावोगाव काय केले ते मुलांनी आजोबा-आजींच्या तोंडून ऐकलेले असते. त्यासाठी पुस्तक हवे असेल तर अनंत भालेराव यांचे हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा ह्या विषयावरील पुस्तक घरात असावे. त्यात ज्याने सोसले त्याची भाषा आहे. परंतु त्याच वर्गात मागच्या बाकावर शेख आणि पठाण आडनावांची मुले बसलेली असतात, आणि त्यांच्याही घरी आजी असते. फौजा आल्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगविला गेला त्याची चौकशी भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली, आणि तो अहवाल कित्येक दशके उजेडात आला नाही. एका आजीची गोष्ट पुस्तकात आहे आणि दुसरीची नाही, हे त्या मुलाला कोणी न सांगता कळते. तो वर्गात काही बोलत नाही. फक्त इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर पाहतो.

ह्यावर कोणते पुस्तक द्यावे असे आम्हांस विचारले तर आम्ही दोन्ही द्यावीत म्हणतो, आणि एकाच आठवड्यात द्यावीत. भालेरावांच्या पुस्तकाजवळ त्या अहवालातील उतारे ठेवावेत. निजामाचे राज्य जुलमी होते की नव्हते, ह्याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. ते होते, आणि ते गेले हे इष्टच झाले. पण एक अन्याय खरा ठरविण्यासाठी दुसरा पुसावा लागत नाही. काही स्नेही म्हणतात, "सर, पोरं लहान आहेत, कशाला?" पोरे लहान आहेत खरी, परंतु त्यांच्या आज्या त्यांना वगळून बोलत नाहीत.

आणि शेवटी ज्याचे पुस्तकच नाही असा इतिहास. भीर जिल्ह्याचे गॅझेटिअर १९६९ साली इंग्रजीत निघाले. तीन वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावांतून माणसे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कित्येक मुलांची शाळा मध्येच तुटते ती ह्यामुळेच. आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, आमच्या गावचे लोक ऊस तोडायला कधीपासून जाऊ लागले, हे कुठल्या पुस्तकात सापडेल?" आम्ही तिला शंभर पानांची कोरी वही आणून दिली, आणि गावातील सर्वांत म्हातारा मुकादम गाठून त्याने पहिली उचल कोणत्या साली घेतली, किती घेतली आणि कोणत्या कारखान्यावर गेला, एवढेच प्रथम लिहून आणावयास सांगितले. वहीची बावीस पाने भरली आहेत. दोन मुकादमांची साले जुळत नाहीत, म्हणून ती सध्या तिसऱ्याचा शोध घेत आहे.