कब्रस्तानामागची तिवरं

2019 सालची शबे बरात आमच्या गावाला अजून आठवते. इशाची नमाज झाली आणि पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे कब्रस्तानात गेली. बायका घरोघरी तिलावतीत होत्या. रात्री बाराच्या पुढे खालच्या कोपऱ्यातून कुणीतरी हाक मारली. टॉर्च घेऊन सगळे तिकडे गेले, तर खाडीचं पाणी गडग्याच्या दगडांतून आत आलेलं. शेवटच्या रांगेतल्या कबरींच्या पायथ्याला ते लागलं होतं. बघता बघता मातीचा एक पोपडा सुटून पाण्यात पडला. ज्यांचे आईवडील त्या रांगेत होते, ते काही न बोलता उभे राहिले. पहाटे घरी परतल्यावर सेहरी करतानाही कुणाच्या तोंडून फारसा शब्द निघाला नाही.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, सावित्री खाडीच्या काठावर. घरटी एक माणूस मुंबईला किंवा आखातात. खाडीशी आमचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं, तरी एक गोष्ट त्या रात्रीनंतरच आमच्या नीट ध्यानात आली. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपल्या तारखाही चंद्रावरच चालतात. चांदाच्या चौदा-पंधराला पौर्णिमा, म्हणजे खाडीला उधाण. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण होते, खाडीत आत थोडी उशिरा. म्हणजे शबे बरातीला आपण ज्या वेळी मरहूमांसाठी दुआ मागत असतो, नेमक्या त्याच वेळी पाणी सर्वांत वर आलेलं असतं. हे दरवर्षीच घडत होतं. मग पाणी पूर्वी आत का येत नव्हतं?

उत्तर म्हाताऱ्या माणसांकडे होतं. गावातले एक चाचा, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाले, "कब्रस्तानामागे तिवरांचं रान होतं. आम्ही पोरं त्यात शिरलो की बाहेरून दिसत नसू. तुम्हीच तोडलंत ते."

"तुम्हीच" हा शब्द लागला, पण खोटा नव्हता. चुलीसाठी तिवर तोडलं ते आमच्याच घरांनी. गुरांचे गोठे शाकारायला फांद्या नेल्या त्या आमच्याच वाडवडिलांनी. मग खाडीकाठाने रस्ता झाला, भराव पडला. भरावाखाली पाण्यासाठी एक लहान मोरी ठेवली होती, ती गाळाने आणि प्लास्टिकने बुजली. उरलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. गॅस आला तेव्हा तोडायला काही शिल्लकच नव्हतं.

जमातीची बैठक झाली. परदेशातल्या भावांनी सिमेंटची भिंत बांधायला पैसे देऊ केले. पण दगडी गडगा यापूर्वी दोनदा बांधून झाला होता आणि दोन्ही वेळा पाण्याने त्याच्या खालची माती काढून नेली होती. शेवटी आम्ही दहा-बारा जणांनी ठरवलं की एक पावसाळा झाडं लावून बघू. त्यात शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते, कुवेतहून परतलेला एक फिटर होता, कालवं काढणाऱ्या दोन खाला होत्या आणि बाकी कॉलेजची मुलं-मुली.

त्या पावसाळ्यात आम्ही मोठ्या उत्साहाने कांदळाच्या शेंगा गोळा केल्या. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. हातभर लांब, हिरवी, टोकदार शेंग होते आणि पिकली की खाली पडून चिखलात रुततं किंवा पाण्यावर तरंगत जातं. आम्ही चारशे शेंगा ओळीत टोचल्या, फोटो काढले, परदेशी पाठवले. ऑक्टोबरात मोजल्या तेव्हा एकोणीस उभ्या होत्या. काही वाहून गेल्या, काहींना शिंपले चिकटून त्या आडव्या झाल्या, कोवळी पानं बकऱ्यांनी खाल्ली. गावात हसू झालं ते वेगळंच.

कालवं काढणाऱ्या खाला मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला रस्त्याच्या पलीकडे नेलं आणि बुजलेली मोरी दाखवली. म्हणाल्या, "बाबांनो, आधी पाण्याला वाट द्या. बी तर खाडीच आणून देते."

आमची चूक तिथे कळली. झाडं लावली की काम झालं, असं आम्ही समजत होतो. पण तिवराला रोज पाणी यावं लागतं आणि रोज पाणी उतरावंही लागतं. त्याची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर येतात, कारण चिखलात हवा नसते. पाणी तुंबलं की ती मुळं गुदमरतात. पाणी आलंच नाही तर ऊन चिखलातलं मीठ इतकं वाढवतं की बी रुजत नाही. आम्ही शेंगा टोचल्या त्या खूप खालच्या चिखलात, आणि जिथे रान होतं तिथे पाणीच पोहोचत नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्ही एकही रोप लावलं नाही. ग्रामपंचायतीची परवानगी काढली, वनविभागाला कळवलं आणि मोरी उपसायला लागलो. टोपल्या भरभरून गाळ, फाटकी जाळी, बाटल्या, एक सायकलची चौकटसुद्धा निघाली. फेब्रुवारीत मोरीतून पहिल्यांदा भरतीचं पाणी आत गेलं. गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही ते बघत होतो.

पुढे 2020 ची शबे बरात लॉकडाऊनमध्ये गेली, कब्रस्तानात कुणी जाऊ शकलं नाही. आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या लोकांना त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. पत्रे उडाले, कौलं फुटली, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक दिवस वीज नव्हती. तिवरं कुणाच्या डोक्यातही नव्हती. आमच्याही नव्हती.

सप्टेंबरात एका जनाज्यानंतर आमच्यापैकी काही जण खालच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे वीतभर उंचीची, दोन-दोन पानांची रोपं उभी होती. कुणी लावलेली नाहीत, ओळ नाही, माप नाही. मोरीतून आलेल्या पाण्याने तिवराचं बी आणून टाकलं होतं. गुरुजींनी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे सोडून दिली. ऐंशी वर्षांचे ते चाचा काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह. आता बकऱ्या आवरा."

तेव्हापासून हेच आमचं काम आहे, आणि ते बारा महिने चालतं.

पावसाळ्यात बी पडतं. त्या चार महिन्यांत आम्ही चिखलात कमीत कमी पाय टाकतो, कारण पायाखाली कोवळी रोपं मरतात. गुरं येऊ नयेत म्हणून आळीपाळीने लक्ष ठेवतो. पाऊस संपला की वाहून आलेला कचरा काढायचा. प्लास्टिकची पिशवी रोपावर बसली की आठवड्यात पानं पिवळी पडतात. जुन्या नायलॉनच्या जाळीत अडकलेली रोपं कात्रीने एकेक सोडवावी लागतात. हे काम मुली फार सबुरीने करतात.

हिवाळ्यात मोरी पुन्हा उपसायची. त्यासाठी आम्ही भांगाचे दिवस धरतो, म्हणजे चांदाची सात-आठ किंवा बावीस-तेवीस. तेव्हा भरती फार वर येत नाही आणि दिवसभर काम करता येतं. मशिदीतलं कॅलेंडर बघूनच तारीख ठरते. याच दिवसांत तुतवार आणि चिखल्या हे पाहुणे पक्षी ओहोटीच्या चिखलात चरताना दिसतात. शाळेची मुलं येतात तेव्हा त्यांना तिवराचं पान चाटून बघायला सांगतो. पान खारट लागतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. मुलं थुंकतात आणि पुन्हा चाटतात.

उन्हाळ्यात मुंबईकर येतात, लग्नं होतात आणि प्लेटी-ग्लासांचा ढीग खाडीकडे जाऊ लागतो. ते थांबवणं सर्वांत अवघड. पाहुण्यांना बोलायचं कसं? आता जुम्याच्या दिवशी इमामसाहेब दोन शब्द सांगतात. झाड लावणाऱ्याला, त्यातून पाखरं आणि जनावरं जे खातात त्याचंही सदक्याचं सवाब मिळतं, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहेच. आमच्या खाला त्यात आपली भर घालतात, "आणि त्याच्या सावलीत जिताड्याची पिल्लं वाढतात, ती शेवटी तुमच्याच ताटात येतात." या वाक्याचा परिणाम जास्त होतो, असा आमचा अनुभव.

कायदाही आता बाजूने आहे. कांदळवनं तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली म्हटलं. 2020 मध्ये पांढरी चिपी महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाली. चिपीचं पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळी गळून पडतं. आमच्या मोरीजवळ एक जुनं झाड आहे, इतकी वर्षं आम्ही त्याचं नावही विचारलं नव्हतं. पण रोजची राखण कायदा करत नाही. ती गावालाच करावी लागते.

ते चाचा आता नाहीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना खालच्या रांगेत दफन केलं. कबर खणताना सगळ्यांच्या मनात एकच शंका होती. मुलाने विचारलंही, "इथे पाणी तर नाही ना येणार?" त्याला खात्री द्यायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटेना.

गेल्या शबे बरातीला आम्ही मध्यरात्री तिथे उभे होतो. तिवरं आता पुरुषभर उंच झाली आहेत. पाणी आलं, पण झाडांतून गाळून आल्यासारखं, लाटेशिवाय. मुळांशी गाळ टाकत टाकत गडग्यापाशी आलं, थोडा वेळ थांबलं आणि उतरू लागलं. गडग्याच्या दक्षिण टोकाला मात्र अजून झाडं नाहीत. तिथली माती या वर्षीही थोडी गेली, आणि तिथल्या दोन कबरी कुणाच्या हे आता कुणालाच सांगता येत नाही.

चाचांच्या मुलाने फातिहा पढली. जाताना त्याने विचारलं, "मोरी कधी उपसायची आहे?"

गुरुजी म्हणाले, "चांदाची बावीस. फावडं घेऊन ये."