नदीची मर्यादा कोणी ठरवायची?

प्रशासनात एक गोष्ट वारंवार अनुभवास येते. एखाद्या व्यवहारावर बंदी घालणे तुलनेने सोपे असते. तो मर्यादेत चालू ठेवणे फार कठीण. बंदीला एक आदेश पुरतो, मर्यादेला मात्र रोजची मोजणी, तपासणी आणि चिकाटी लागते. ऋषिकेशच्या राफ्टिंगकडे पाहताना मला याची पुन्हा प्रचीती आली.

देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात व तेथून नदीला गंगा म्हणतात. त्याखालचा कौडियाला ते ऋषिकेश हा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. मार्च २०१९ मध्ये आम्ही काही सहकारी शिवपुरीहून राफ्टमध्ये बसलो. रॅपिड, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारा प्रवाह. त्याची काठिण्यपातळी १ ते ६ अशी मोजतात. ‘रोलर कोस्टर’ नावाच्या रॅपिडमध्ये नाकातोंडात बर्फासारखे पाणी गेले, तेव्हा आमच्यातील हुद्द्यांची उतरंड आपोआप विरघळली. आज्ञा एकाचीच चालत होती, आणि तो होता पंचविशीतला गढवाली गाइड. ‘फॉरवर्ड’ म्हटले की वल्हवायचे, ‘स्टॉप’ म्हटले की थांबायचे.

संथ पाण्यात आल्यावर त्याच्याशी बोलणे झाले. पाण्याची पातळी आभाळाइतकीच वरच्या धरणांवर अवलंबून असते, असे तो म्हणाला. भागीरथीवर टिहरीचे २६०.५ मीटर उंचीचे धरण आहे. तेथील वीजनिर्मिती २००६ मध्ये सुरू झाली. आपल्या कोलाडला कुंडलिकेवरचे राफ्टिंगही वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावरच चालते. म्हणजे जिला आपण रानटी, स्वच्छंद नदी समजतो, तिचे पाणी वेळापत्रकाने येते. पाण्याचे नियमन होऊ शकते, तर त्यावरील गर्दीचे का होऊ नये?

हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या पट्ट्यातील वाळूच्या किनाऱ्यांवरील तंबूंच्या वसाहतींना मनाई केली. राफ्टिंगला मात्र मुभा ठेवली. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने योग्य धोरण तयार होईपर्यंत राफ्टिंगच थांबवण्याचा आदेश दिला. पुढे ते पुन्हा सुरू झाले. सुरक्षितता आणि नदीचे पावित्र्य या दोन्ही चिंता रास्तच होत्या. पण आमच्या गाइडच्या हिशेबात त्या आदेशाचा अर्थ वेगळा होता. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये काम बंदच असते. त्याआधीचे भर उन्हाळी गर्दीचे दिवस गेले, तर खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे कोठून आणायचे? तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता. एवढेच म्हणाला की, नियम करताना नदीवर रोज उतरणाऱ्या आमच्यासारख्यांना कोणी विचारले असते, तर बरे झाले असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दोन नावे आठवणारच. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले की, सर्वांना मोकळी असलेली साधनसंपत्ती अखेर उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि पाळले, तर ती टिकूही शकते. २००९ चे नोबेल त्यांना मिळाले. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधून स्वतःच्या राफ्ट घेऊन जाऊ इच्छिणाऱ्यांना २००६ पासून सोडतीने परवाने दिले जातात. सोडत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल, असे नाही. तेथे कित्येक दिवसांच्या सफरी असतात, आपल्याकडे काही तासांच्या. पण नदीवर एका दिवशी किती जणांनी उतरावे याला मर्यादा हवी, हे तत्त्व तेच.

माझ्या मते अशा नद्यांवर प्रत्येक टप्प्याला दिवसाच्या राफ्टची कमाल संख्या ठरावी आणि ती पाण्याच्या पातळीनुसार बदलावी. शुल्काचा ठरावीक हिस्सा बचाव पथक आणि किनाऱ्याची स्वच्छता यांवरच खर्च व्हावा. आणि हे आकडे ज्या बैठकीत ठरतील, तेथे गाइडना केवळ निमंत्रित म्हणून न बोलावता सदस्य म्हणून बसवावे. कोणत्या खडकामागे राफ्ट अडकते, हे फाइलवर टिपणी लिहिणाऱ्याला कळणार नाही. ते त्यांनाच ठाऊक असते.