प्रोजेक्ट किट

आमच्या रूमचा नंबर हॉस्टेलमध्ये फारसा कुणाला माहीत नाही. पण ‘स्टुडिओ कुठंय?’ असं विचारलं की मेसवाले मामासुद्धा बोट करून दाखवतात. स्टुडिओ म्हणजे काय, तर दोन कॉट, एक टेबल, खिडकीवर टांगलेली सोलापुरी चादर आणि एक माईक! दरवर्षी फर्स्ट इयरची दोन-तीन पोरं दारात येऊन उभी राहतात. प्रश्न ठरलेला. “दादा, गाणी रेकॉर्ड करायचीत. कोणतं सॉफ्टवेअर टाकू? कोणता माईक घेऊ?”

यंदा मराठी विभागाच्या संपादकांनी गळ घातली, की हेच एकदा लिहून दे. म्हटलं देतो. पण मित्रांनो, उत्तराआधी एक कबुली द्यावी लागणार आहे. कारण याबद्दल मला जे काही कळतं ते खोटं बोलून आणलेल्या पैशांतून कळलेलं आहे.

मी गंगाखेड तालुक्यातला. जनाबाईच्या मुलखातला. आमचे अण्णा गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि गातात. त्यांची पेटी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. लहानपणी परभणी आकाशवाणी लावून ते म्हणायचे, “बघ, कसा स्वच्छ आवाज येतो. आपलं भजन असं ऐकू आलं पाहिजे.” हे वाक्य माझ्या डोक्यात कुठंतरी रुतून बसलं होतं.

२०२३ साली मी इथं आलो. हातात मोबाईल, हॉस्टेलला वायफाय, मग काय! रात्र रात्र व्हिडिओ बघायचे. परदेशातला एखादा पोरगा निळ्या-जांभळ्या लाईटमध्ये बसून सांगायचा की घरच्या घरी संगीत करायला या दहा वस्तू हव्यातच. मी वहीत यादी केली. सिग्नल्सची वही होती, पण मागची पानं कोरीच असतात! बेरीज आली साडेअठरा हजार रुपये. ऑक्टोबरात पहिल्या वेचणीचा कापूस विकला गेला होता. मी फोन केला, “अण्णा, प्रोजेक्टचं किट घ्यावं लागतंय. सगळ्यांनाच आहे.”

फर्स्ट इयरला कसलं आलंय प्रोजेक्ट? पण अण्णांना ते कुठं माहीत. त्यांनी एकच विचारलं, “किती?” संध्याकाळी पैसे आले.

खोका आला तेव्हा अर्धं हॉस्टेल जमलं होतं. कंडेन्सर माईक, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड. सॉफ्टवेअरला पैसे उरले नव्हते. एका सीनियरच्या पेनड्राईव्हवर एक महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून ठेवलेलं होतं, ते टाकलं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बसला. फॉरमॅट मारावा लागला आणि त्यात केमिस्ट्रीचं सगळं सबमिशन गेलं. फुकटचं एवढं महाग पडतं हे तेव्हा कळलं.

मग पहिलं रेकॉर्डिंग केलं. माझाच आवाज. ऐकलं तर काय! गाणं कमी आणि हॉस्टेल जास्त. पंख्याची घरघर, मेसमधली ताटं, शेजारच्या रूममधला अलार्म, बाथरूमचा गळका नळ... सगळं स्पष्ट. दोष माईकचा नव्हता, तो त्याचं काम चोख करत होता. कंडेन्सर माईकमध्ये अतिशय पातळ पडदा असतो, त्याला बहुधा इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो बारीकसारीक आवाजही पकडतो. शांत, कापडानं मढवलेल्या खोलीत हा गुण. आपल्या हॉस्टेलात हाच अवगुण! उलट भाषणाला, ऑर्केस्ट्राला वापरतात तो डायनॅमिक माईक. चुंबकाजवळ हलणारी एक कॉईल, एवढाच त्याचा संसार. तो जरा बहिरा असतो, तोंडाजवळ धरावा लागतो, म्हणूनच लांबचा गोंधळ त्यात कमी येतो. हे मला खरेदीच्या आधी कळायला हवं होतं. पण व्हिडिओवाल्याची खोली वेगळी, माझी वेगळी, हे डोक्यातच आलं नाही.

दिवाळीला सगळा पसारा घेऊन गावी गेलो. मंडळाला सांगितलं, आज तुमचं रेकॉर्डिंग. मारुतीच्या देवळात सगळे फेटे बांधून बसले. मृदंगवाल्या काकांनी डाव्या अंगाला कणीक लावली, बोटानं वाजवून बघितली, थोडी काढली, पुन्हा लावली. दहा मिनिटं त्यातच गेली. मी मनात म्हटलं, किती वेळ लावतात. (आता वाटतं, त्या देवळात साउंड इंजिनिअर कुणी असेल तर ते काका होते.)

भजन रंगलं. घरी येऊन ऐकलं तर तीन घोटाळे. एक, टाळ. चौदा जणांचे टाळ माईकसमोर, आणि मी लेव्हल ठेवली होती अण्णांच्या आवाजावर. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागा नसते, वरचा भाग सपाट कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. प्रत्येक टाळ ‘खर्र’ वाजत होता. दोन, देऊळ सिमेंटचं, त्यामुळे शब्दावर शब्द आदळत होते. तीन, सगळ्याच्या खाली एक अखंड ‘हूंऽऽऽ’. लॅपटॉप चार्जरला लावलेला, देवळातल्या बोर्डाला अर्थिंगचा पत्ता नाही. पन्नास हर्ट्झची लाईन आमच्याबरोबर भजनाला बसली होती!

काकांनी हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, “जाऊ दे रे. बनी तो बनी, नहीं तो परभणी!” सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, “उद्या आखाड्यावर करू. तिथं गलका नसतो.”

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही शेतातल्या आखाड्यावर गेलो. अण्णा, पेटी आणि मी. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला आणि ‘हूं’ जागच्या जागी बंद. भिंतीला दोन वाकळा टांगल्या, त्यांनी घुमणं खाल्लं. अण्णांनी गायला सुरुवात केली. हेडफोनमधून त्यांचा श्वास, पेटीच्या भात्याची हवा, बाहेरची रातकिडी, सगळं ऐकू येत होतं. पहिल्यांदा मला वाटलं, जमलं!

दहाच्या सुमारास शेतीची थ्री फेज लाईट आली. आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी एकेक करून सुरू झाल्या. माईकनं त्या सगळ्या पकडल्या. मी वैतागून थांबलो आणि सवयीनं कुठली कुणाची ते ओळखू लागलो. ही वरच्या अंगाची, ही ओढ्यापलीकडची... सगळ्यात जवळची आमची. ती वाजतच नव्हती.

“अण्णा, आपली मोटार लावली नाही?”

“ऱ्हाऊ दे. तू तुझं कर,” ते म्हणाले.

सकाळी आईला विचारलं. ती चुलीपुढं होती, वळली नाही. “दसऱ्यापासून जळून पडलीय. भरून आणायला पैसे ठेवले होते, ते तुझ्या प्रोजेक्टला गेले. तुला सांगू नको म्हणले होते ते.” मग जरा थांबून म्हणाली, “हरभऱ्याचं एक पाणी चुकतंय यंदा.”

मित्रांनो, आदल्या रात्री तो माईक मला सांगत होता की आपल्या विहिरीवर काहीच वाजत नाही. मला वाटत होतं माईकमुळे त्रास होतोय.

त्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगितलं. प्रोजेक्ट नाही, किट नाही, हे माझ्या हौसेचं सामान आहे. ते हिशोबाची वही घेऊन बसले होते. त्यांनी पान उलटून मला दाखवलं. ‘पोराचं प्रोजेक्ट किट – १८,५००’. म्हणाले, “मग हे खोडू का?” मला काही बोलता येईना. त्यांनी वही मिटली. रागावले असते तर बरं झालं असतं.

हॉस्टेलला परत आल्यावर पहिलं काम केलं ते कीबोर्ड विकायचं. महिनाभरात तो दोनदा उघडला होता. कंडेन्सर माईकही विकला. आले त्यातून मोटार भरून झाली, पण चुकलेलं पाणी चुकलंच. त्यातून हरभरा किती घटला, हे अण्णांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

इंटरफेस आणि हेडफोन तेवढे ठेवले. पुढच्या सुट्टीत गावातल्या मंडपवाल्याकडून एका रात्रीपुरता साधा डायनॅमिक माईक मागून आणला. यावेळी आधी तासभर नुसतं ऐकलं. टाळकऱ्यांना लांब, माईकच्या पाठीमागच्या अंगाला बसवलं, कारण तसला माईक मागून कमी ऐकतो. अण्णांना वीतभर अंतरावर घेतलं. अंतर दुप्पट झालं की उघड्या जागेत आवाज सहा डेसिबलनं उतरतो, हे फिजिक्समध्ये शिकलो होतो, कामाला तिथं आलं. सगळ्यात मोठा गजर करायला लावून लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली. काका म्हणाले, “आता कणीक लावायला शिकलास बघ.” ते रेकॉर्डिंग आज गावातल्या बहुतेकांच्या मोबाईलवर आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, थोडक्यात.

सॉफ्टवेअर : क्रॅकच्या नादी लागू नका. नुसतं रेकॉर्ड करून कापायचं-जोडायचं असेल तर २००० सालापासून मिळणारं ऑडॅसिटी पुरेसं आहे. फुकट आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही. अनेक ट्रॅक एकमेकांवर चढवायचे असतील तर रीपर बघा. १९९७ साली विनॅम्प काढणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनंच ते पुढे लिहिलं. (विनॅम्प काय ते आपल्या सरांना विचारा, डोळे चमकतील!) साठ दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना साठ डॉलरला आहे. जुन्या लॅपटॉपवरही ते पळतं. बीट्सच करायच्या असतील तर एलएमएमएस फुकट आहे. एक शिका, नीट शिका. सहा महिन्यांत चार सॉफ्टवेअर बदलणाऱ्याचं एकही गाणं पूर्ण झालेलं मी पाहिलं नाही.

लॅपटॉप : आहे तोच. स्टिरिओ, १६ बिट, ४४,१०० सॅम्पलला मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, तेवढी जागा सगळ्यांकडे असते. गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो अशी तक्रार असेल तर बफर तपासा. १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे जेमतेम ६. रेकॉर्ड करताना कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा. यासाठी नवीन लॅपटॉप मागू नका.

खरेदीचा क्रम : आधी हेडफोन, कान झाकणारे. मग एक डायनॅमिक माईक. मग दोन चॅनेलचा इंटरफेस. कंडेन्सर सगळ्यात शेवटी, तेही खोली शांत असेल तर. आणि या सगळ्याच्या आधी गोधडी!

आवाज ‘सरळ’ करणारी साधनं : जपून. ऑटोट्यून १९९७ साली आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करायचे. सिग्नल प्रोसेसिंगचा केवढा मोठा उपयोग! पण मी तसलं एक साधन अण्णांच्या आवाजाला लावून बघितलं, तर त्यांची मींड पायरी-पायरीनं चढू लागली. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसासारखी. काढून टाकलं.

शेवटचं एक. आपल्याच जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या संग्रहात त्या आहेत. तेव्हा आपल्यासारखी सॉफ्टवेअर नव्हती. कुणीतरी गावात गेलं, बाईंच्या जवळ बसलं आणि ऐकलं, म्हणून तो आवाज आज आहे. तुमच्या घरातही असा एखादा आवाज असेल. खरेदीची यादी करण्याआधी तो नीट ऐका. त्याला काय लागतं ते तोच सांगतो.

अण्णांच्या वहीतली ती ओळ अजून तशीच आहे. गेल्या सुट्टीत मी म्हटलं, खोडून टाका आता. म्हणाले, “कशाला? प्रोजेक्टच हाय की. चालू दे.”

तर फर्स्ट इयरवाल्यांनो, या. स्टुडिओ रात्री अकरापर्यंत उघडा असतो, रेक्टर सरांची परवानगी आहे. माईक घेण्याआधी माझा नेऊन बघा. फक्त घरी पैसे मागताना खरं कारण सांगा.

– तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार